संजय कुणाला सांगतो?

२००२च्या मार्चमधली ती सकाळ दिल्लीतल्या पुष्कळ मराठी घरांना आठवत असेल. ऑस्करच्या परकीय चित्रपटांच्या अंतिम यादीत ‘लगान’ होता आणि दिग्दर्शक आशुतोष गोवारीकर म्हणजे घरचाच माणूस. आमच्या नोएडाच्या घरात ऑफिसची गडबड बाजूला ठेवून सगळे टीव्हीसमोर बसले होते. बाहुली बोस्नियाच्या दानिस तानोविचच्या ‘नो मॅन्स लँड’ला गेली. कुणीतरी म्हणाले, “कुठला हा बोस्निया?” आणि टीव्ही बंद झाला. ज्या चित्रपटाने आपल्याला हरवले तो पाहण्याची तसदी आमच्यापैकी कुणी घेतली नाही. मीही नाही. तो मी पाहिला त्यानंतर सात-आठ वर्षांनी, तोही भाषांतराच्या एका कामानिमित्त.

पाहिल्यावर पहिली जाणीव झाली ती ही, की हा बोस्निया आपल्याला इतका परका नव्हता. चित्रपटात ज्या शांतिसेनेची टर उडवली आहे ती ‘अनप्रोफोर’. तिचे पहिले सेनापती होते लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे अधिकारी. मार्च १९९२मध्ये त्यांनी सूत्रे घेतली तेव्हा सेनेला काम नेमून दिले होते क्रोएशियात आणि मुख्यालय होते साराजेव्होत, बोस्नियात. महिन्याभरात मुख्यालयाभोवतीच युद्ध पेटले. खिडकीतून दिसत होते त्याविषयी काही करण्याचा अधिकार नाही, आणि अधिकार होता तो शेकडो किलोमीटर दूरच्या प्रदेशात. वर्षभराने मुदतवाढ न घेता नंबियार परतले. पटकथाकाराला इतका बोचरा उपरोध सुचला नसता.

युद्धभूमीवरच्या तटस्थ निरीक्षकाविषयी गेल्या तीस वर्षांत जे सिनेमे आणि आठवणी आल्या, त्या वाचता-पाहताना मला एक प्रश्न विचारायची सवय लागली आहे. निरीक्षकाने काय पाहिले, तो शूर होता की भित्रा, हे बहुतेक कलाकृती सांगतात. पण तो जे पाहतो ते सांगतो कुणाला? ऐकणारा कोण, तो त्या कलाकृतीत दिसतो का? माझ्या मते अशा कृतींचा कस इथे लागतो.

‘नो मॅन्स लँड’ची गोष्ट थोडक्यात अशी. दोन्ही फळ्यांच्या मधल्या एका खंदकात एक बोस्नियाक आणि एक सर्ब सैनिक अडकतात. तिसरा, त्सेरा, जखमी होऊन पडलेला; त्याच्या पाठीखाली सुरुंग ठेवला आहे. तो उठला की सुरुंग उडणार. फ्रेंच सार्जंट मार्शां आदेश मोडून मदतीला येतो, पाठोपाठ टीव्हीची वार्ताहर, मग हेलिकॉप्टरने वरिष्ठ इंग्रज कर्नल. सुरुंग निकामी करता येत नाही. दोघे सैनिक मरतात. कॅमेऱ्यांसमोर तिसऱ्याची सुटका झाल्याचा देखावा केला जातो, सगळे निघून जातात आणि शेवटच्या दृश्यात त्सेरा सुरुंगावर एकटा पडलेला दिसतो. कॅमेरा वर वर जात राहतो.

हे शेवटचे दृश्य विसरता येत नाही. पण त्याआधीचा चित्रपट मला तितकासा पटत नाही. तानोविचचा राग खरा आहे, युद्ध त्याने स्वतः पाहिलेले आहे. तरी रागाला त्याने सोपे गिऱ्हाईक शोधले आहे. कर्नल आपल्या तोकड्या झग्यातल्या सेक्रेटरीला हेलिकॉप्टरमधून बरोबर आणतो. प्रेक्षक हसतो, आणि हसला की त्याची सुटका होते. दोष एका आढ्यताखोर माणसाचा ठरतो. त्या कर्नलच्या वर कोण बसले आहे, त्याला इतके कमी सैनिक आणि इतका अपुरा अधिकार देऊन कुणी पाठवले, ते पडद्यावर येत नाही. चांगला माणूस मार्शां, वाईट माणूस कर्नल, एवढ्यावर हिशेब मिटतो.

आमच्या दोन गल्ल्या पलीकडे एक निवृत्त लष्करी अधिकारी राहत. मूळचे साताऱ्याचे. मी त्यांना काका म्हणे. एका आफ्रिकी देशात ते वर्षभर निरीक्षक होते. या चित्रपटाची सीडी मी त्यांना दिली. दुसऱ्या दिवशी परत देताना म्हणाले, “चांगला आहे. पण अगं, त्यात कागद कुठाय?”

“कसला कागद?”

“रोज संध्याकाळी भरायचा तो. वेळ, जागा, किती गोळे पडले, कुठून आले, कुठे पडले. हातात बंदूक नाही, कागदच आमचं हत्यार. आम्ही मोजायचो आणि वर पाठवायचो.”

“मग वरून काय यायचं?”

“पोचपावती,” काका म्हणाले, आणि चहाचा कप खाली ठेवून उठले.

साराजेव्होच्या वेढ्यातही निरीक्षक हेच करीत: येणारे गोळे आणि जाणारे गोळे मोजणे. काकांची पोचपावती तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे.

आपल्याकडे असा निरीक्षक महाभारतात आहे आणि त्याची नेमणूकपत्रिकाही आहे. भीष्मपर्वात व्यास संजयाला दिव्यदृष्टी देतात तेव्हा सोबत संरक्षणही देतात: याला शस्त्रे छेदणार नाहीत, श्रम बाधणार नाहीत. निळ्या टोपीमागची कल्पना याहून वेगळी नाही. युद्ध संपता संपता मात्र हे संरक्षण कसाला लागते. शल्यपर्वात संजय सात्यकीच्या हाती सापडतो. याला जिवंत ठेवून काय उपयोग, असे धृष्टद्युम्न हसत म्हणतो आणि सात्यकी तलवार उपसतो. व्यास स्वतः प्रकट होतात म्हणून संजय वाचतो. म्हणजे संरक्षण कागदावर होते. प्रत्यक्षात, ज्याने ते दिले तो जागेवर हजर झाला तेव्हाच ते लागू पडले.

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. टीव्हीवाल्यांनी संजयाला पहिला ‘लाइव्ह’ निवेदक करून टाकले आहे. मूळ ग्रंथात तो दहाव्या दिवशी रणावरून येतो आणि भीष्म पडल्याचे सांगतो. मागचे सगळे, गीतेसह, त्यानंतर. अहवाल येतो तोवर सेनापती शरपंजरी पडलेला असतो. आणि तो ऐकणारा राजा असा, की युद्ध थांबवण्याची ताकद ज्या थोड्यांच्या हातात होती त्यांतला तो एक.

धर्मवीर भारतींच्या ‘अंधा युग’ने हा संजय रंगमंचावर आणला. सत्यदेव दुबेंनी ते मुंबईत केले आणि १९६३मध्ये इब्राहिम अल्काझींनी दिल्लीत फिरोजशाह कोटल्याच्या भग्न भिंतींमध्ये. तो प्रयोग पाहायला पंडित नेहरू आले होते. मला हा प्रसंग नेहमी विलक्षण वाटत आला आहे. काश्मीरचा प्रश्न १९४८च्या जानेवारीत संयुक्त राष्ट्रांकडे नेणारा पंतप्रधान, तटस्थतेचे धोरण जगभर सांगणारा, चीन युद्धाच्या पराभवाला वर्षही झालेले नाही, आणि समोर रंगमंचावर संजय. या नाटकात अश्वत्थामा रागाच्या भरात संजयाचा गळा आवळतो. हा तटस्थ आहे, अवध्य आहे, अशी आठवण सोबत्यांना करून द्यावी लागते. संजयाला त्या वाचण्याचा आनंद होत नाही. पुढे तो स्वतःला रथाच्या मोठ्या चाकांमधल्या शोभेच्या लहान चाकाची उपमा देतो, जे फिरते पण जमिनीला लागत नाही. भारतींनी निरीक्षकाचा धोका दोन्ही बाजूंनी पाहिला: मारले जाण्याचा, आणि न मारले जाता निरर्थक होण्याचा.

कोटल्यापासून थोड्याच अंतरावर पुराना किल्ला रोड आहे. काश्मीरमधल्या युद्धविरामरेषेवर नजर ठेवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या लष्करी निरीक्षक गटाचे दिल्ली कार्यालय या रस्त्यावरच्या एका सरकारी बंगल्यात कित्येक वर्षे होते. मंडी हाउसला नाटकाला जाताना बसमधून ती पाटी दिसे. हा गट जानेवारी १९४९मध्ये आला. त्याचे कॅनेडियन प्रमुख ब्रिगेडियर अँगल १९५०च्या जुलैत काश्मीरमध्ये विमान अपघातात गेले. १९७२च्या सिमला करारानंतर भारताची भूमिका अशी की आता प्रश्न दोन देशांतला, निरीक्षकांचे काम संपले. भारताने तक्रारी देणे थांबवले. पाकिस्तान देत राहिला. सुरक्षा परिषदेने गट मागे घेतला नाही, म्हणून तो राहिला. २०१४मध्ये सरकारने बंगला रिकामा करायला सांगितले. भारताच्या भूमिकेला तिची कारणे आहेत आणि त्यावर वाद घालायची ही जागा नव्हे. पण वाङ्मयाची वाचक म्हणून मला दिसते ती एक विचित्र स्थिती: दोन श्रोत्यांपैकी एक उठून गेला आहे, दुसरा आपल्या सोयीपुरते बोलतो आहे आणि संजय अर्धशतक बसून आहे. यावर कुणी नाटक लिहिलेले माझ्या पाहण्यात नाही. बेकेटला आवडला असता असा विषय आहे.

श्रोता पडद्यावर आणण्याचे अवघड काम ज्या चित्रपटाने केले तो आहे यास्मिला झ्बानिचचा ‘को वादिस, आयदा?’ (२०२०). स्थळ स्रेब्रेनित्सा, जुलै १९९५. सुरक्षा परिषदेने १९९३मध्ये ‘सुरक्षित क्षेत्र’ म्हणून जाहीर केलेले गाव. रक्षणाला हलक्या शस्त्रांची डच तुकडी. म्लादिचच्या सर्ब फौजा गावात शिरतात, हजारो माणसे डच तळाच्या दाराशी येतात. काही आत घेतली जातात, बाकीची फाटकाबाहेर. पुढच्या काही दिवसांत आठ हजारांवर पुरुष आणि मुलगे मारले गेले.

झ्बानिचने नायिका निवडली ती ना सैनिक ना वार्ताहर. आयदा शाळेत शिकवणारी, आता संयुक्त राष्ट्रांची दुभाषी. तिचा नवरा आणि दोन मुलगे आसरा शोधणाऱ्या गर्दीत आहेत. डच अधिकारी बोलतात ते ती आपल्या लोकांना सांगते. विमाने येतील, सांगते. विमाने येत नाहीत. मग ओळीने, थोडे थोडे बाहेर पडा, हेही तिलाच सांगावे लागते, बाहेर काय आहे याचा अंदाज असताना. मी पोटासाठी भाषांतर करते. दुभाष्याने आपले मत मध्ये आणू नये, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम, आणि नवख्या मुलांना मी तो अभिमानाने शिकवत आले. हा चित्रपट पाहिल्यावर तो नियम शिकवताना माझी जीभ अडखळते. आयदा एक शब्दही चुकीचा सांगत नाही. वाक्य बरोबर असते आणि ते ऐकून माणसे मरायला जातात.

आणि इथे श्रोता दिसतो, म्हणजे त्याची गैरहजेरी दिसते. डच कर्नल वरच्या कार्यालयांना फोन लावतो. जबाबदार माणूस भेटत नाही. तो पुन्हा लावतो. शेवटी तो आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतो. तानोविचचा कर्नल हास्यास्पद होता; हा कर्नल केविलवाणा आहे, आणि म्हणून जास्त भीतिदायक. प्रत्यक्ष इतिहासात कर्नल कारेमान्स म्लादिचसमोर म्हणाला होता की मी नुसता पियानो वाजवणारा आहे, मला गोळी घालू नका. ती भेट चित्रित झालेली आहे. सात्यकीच्या तलवारीसमोरचा संजय आणखी काय म्हणाला असता?

तरीही झ्बानिच निरीक्षकाला माफ करीत नाही, आणि माझ्या कसोटीला इथे एक पुरवणी जोडावी लागते. ऐकणारा ऐकत नाही हे खरे. पण फाटक उघडायचे की बंद ठेवायचे हे फाटकावरच्या माणसाच्या हातात असते. आयदा मेजरच्या हातापाया पडते की यादीत माझ्या मुलांची नावे घाला. नियमात बसत नाही म्हणून तो घालत नाही. नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये तळावरून बाहेर काढलेल्या सुमारे ३५० पुरुषांच्या बाबतीत डच सरकारची जबाबदारी मान्य केली, ती दहा टक्के. हा आकडा वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते. न्यायालयाचा हिशेब असा की ती माणसे तळावर ठेवली असती तरी ती वाचण्याची शक्यता एवढीच होती. कायद्याला शक्यतेचे माप लागते. सिनेमाला लागत नाही, म्हणून सिनेमाची गरज पडते.

आठवणींच्या पुस्तकांकडे वळले की धृतराष्ट्र जास्त स्पष्ट दिसतो, कारण लिहिणारा माणूस त्याला पत्रे पाठवून थकलेला असतो. मेजर जनरल इंदरजित रिखी यांचे ‘द सिनाय ब्लंडर’ (१९८०) हे त्या जातीचे. १९६७च्या मे महिन्यात गाझात ते संयुक्त राष्ट्रांच्या सेनेचे प्रमुख होते. इजिप्तने फौज मागे घेण्याचे पत्र थेट त्यांच्या हातात दिले. न्यूयॉर्कने दोन दिवसांत मागणी मान्य केली. ५ जूनला युद्ध सुरू झाले तेव्हा भारतीय तुकडी अजून गाझातच होती आणि तिची माणसे मारली गेली. इस्रायलने ही सेना आपल्या बाजूला कधी येऊच दिली नव्हती. रिखींच्या लेखनात स्वतःची बाजू मांडण्याचा खटाटोप आहे, सरकारी मिसलीची कोरड आहे. तरी एका अधिकाऱ्याला एका रात्रीत कळते की दोन सैन्यांमध्ये आपण उभे होतो ते त्यांची मर्जी होती तोवरच, हा भाग कादंबरीच्या तोडीचा आहे.

कॅनडाचे जनरल रोमियो डलेर यांचे ‘शेक हँड्स विथ द डेव्हिल’ (२००३) याच वाटेवर पुढे जाते. रवांडात शस्त्रसाठे आहेत, कत्तलीची तयारी चालू आहे, छापे घालू द्या, अशी तार त्यांनी ११ जानेवारी १९९४ला न्यूयॉर्कला केली. परवानगी मिळाली नाही. एप्रिलमध्ये कत्तल सुरू झाली, दहा बेल्जियन शांतिसैनिक मारले गेले आणि सुरक्षा परिषदेने सेना वाढवण्याऐवजी २७०वर आणायचे ठरवले. डलेर स्वतःलाही सोडत नाहीत, म्हणून हे पुस्तक रिखींच्या पुस्तकाहून मोठे. त्याच रवांडात सेनेगलचे कॅप्टन म्बाये डियान निःशस्त्र लष्करी निरीक्षक होते. नुसते पाहायचे, हा आदेश त्यांनी पाळला नाही. आपल्या गाडीतून चार-पाच माणसे एका वेळी लपवून, नाक्यावरच्या मारेकऱ्यांशी हसतखेळत बोलत, त्यांनी शेकडो जीव वाचवले. ३१ मे १९९४ला एका नाक्यावर तोफगोळ्याच्या कपचीने ते गेले. वीस वर्षांनी संयुक्त राष्ट्रांनी असामान्य धैर्याचे पदक सुरू केले आणि त्याला त्यांचे नाव दिले. आदेश मोडणाऱ्याच्या नावाने पदक, आणि आदेश तसेच.

हे सगळे दूरचे वाटत असेल तर १३ मे २०२४ आठवावा. गाझात राफाजवळ संयुक्त राष्ट्रांची खूण असलेल्या गाडीवर मारा झाला आणि कर्नल (निवृत्त) वैभव काळे ठार झाले. पुण्यात त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. ते निरीक्षक नव्हते. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा विभागात होते, थोड्याच आठवड्यांपूर्वी रुजू झालेले, युरोपियन हॉस्पिटलकडे निघालेले. मारा इस्रायली रणगाड्यातून झाला असे संयुक्त राष्ट्रांचे म्हणणे. गाड्यांच्या हालचाली आम्ही आधी कळवतो, असेही ते म्हणाले. या गाडीचा मार्ग आम्हाला कळवला नव्हता, असे इस्रायली लष्कर म्हणाले. मराठी वर्तमानपत्रांत दोन-तीन दिवस बातमी होती, ‘वीरमरण’ हा शब्द होता. कळवले होते की नव्हते, या वाक्याकडे फारसे कुणी थांबले नाही. खरे तर सगळी गोष्ट त्या वाक्यात आहे. आजवर अडीच लाखांहून अधिक भारतीय या मोहिमांवर गेले आणि १७०हून अधिक परतले नाहीत, इतर कुठल्याही देशाहून जास्त. त्यांच्याविषयी आपल्याकडे गौरवलेखन आहे. गौरवात श्रोत्याला जागा नसते. त्याने फक्त टाळ्या वाजवायच्या असतात.

मराठी वाचकाला हा श्रोता मात्र ओळखीचा असायला हवा, कारण ज्ञानेश्वरांनी त्याचे चित्र सातशे वर्षांपूर्वी काढून ठेवले आहे. नवव्या अध्यायाच्या शेवटी संजय सांगता सांगता भारावतो आणि राजाकडे पाहतो. म्हातारा ढिम्म, पुराच्या पाण्यात बसलेला म्हैसा उठत नाही तसा. संजयाच्या मनात येते की इथे अमृताचा पाऊस पडला आणि हा जणू शेजारच्या गावाला गेलेला. मग तो स्वतःला आवरतो: हा आपला अन्नदाता, याच्याविषयी बोलावे तर वाचेला दोष. एवढ्या चार-सहा ओव्यांत निरीक्षकाची सगळी अडचण आली. पुढे तो समाधान मानतो की याला सांगण्याच्या निमित्ताने मला तरी ऐकायला मिळाले. ज्ञानेश्वरांच्या संजयाला ते समाधान शोभते, कारण तो गीता सांगत होता. काकांना ते मिळाले नाही. ते गोळे मोजत होते.

झ्बानिचच्या चित्रपटाच्या शेवटी आयदा गावी परतते, पुन्हा शाळेत शिकवू लागते. स्नेहसंमेलनात लहान मुले तळव्यांनी डोळे झाकतात, उघडतात, पुन्हा झाकतात. प्रेक्षकांत पालक बसले आहेत, त्यांत मारणारेही. आयदा पाहते आहे. काका जाऊन आता चार वर्षे झाली. हा चित्रपट त्यांना दाखवायचा राहून गेला. यात कागद आहे, काका, असे मला सांगायचे होते, आणि तो कुणाच्या टेबलावर पडून राहिला तेही.